तंबूखालचं गवत

स्कायच्या त्या आठ दिवसांत पाठपिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं की मी 'खुरपं' म्हणते आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघत राहते. वीतभर लांबीचं, नारिंगी प्लास्टिकचं, कुंडीतली माती उकरायला घेतो तसलंच. निघायच्या आदल्या रात्री भाच्याने ते माझ्या हातात ठेवलं आणि जरा अवघडून म्हणाला, "मावशी, हे तुझं वेगळं. माझं माझ्याकडे आहे." मग त्याने रीत सांगितली. ओढा, झरा, तळं, कुठलंही पाणी असो, त्यापासून निदान ३० मीटर दूर जायचं. वाटेपासून, घरांपासून, गुरांपासूनही दूर. गवताचं ढेकूळ मुळांसकट अलगद कापून बाजूला ठेवायचं, खड्डा करायचा, आणि झाल्यावर माती लोटून तेच ढेकूळ झाकणासारखं परत बसवायचं. कागद मात्र पुरायचा नाही. पिशवीत बांधून बरोबर न्यायचा.

मला हसू आलं. कोकणात आजोळी आम्ही लहानपणी टमरेल घेऊन परसाकडे जात असू. पुढे पुण्यात फ्लॅट आला, त्यात दोन-दोन संडास आले, गावोगावी हागणदारीमुक्तीचे फलक लागले. आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी मी परत परसाकडे निघाले होते, तेही एवढं विमानाचं तिकीट काढून. पण हसू पहिल्या सकाळीच ओसरलं. स्कायची माती म्हणजे पीट. शेवाळं आणि गवत हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून झालेली काळी, स्पंजासारखी माती. खुरपं खुपसलं की खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपायला लागतं. शिवाय त्या बेटावर पाण्यापासून ३० मीटर दूर असलेली जागा शोधायची म्हणजे पंढरपुरात आषाढीला रिकामा ओटा शोधण्यासारखंच. चाळीस पावलं मोजत जायचं, तर पस्तिसाव्या पावलाला दुसरा ओहोळ. पहिल्या दिवशी मी चार जागा बदलल्या.

डोंगरात उघड्यावर मुक्काम करण्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात सूर्यास्त असतो, खुरपं नसतं. म्हणून आधी खुरप्याचं सांगितलं.

स्काय हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट. साधारण १,६५६ चौरस किलोमीटरचं. १९९५ पासून पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं. भाचा ग्लासगोला नोकरी करतो. उत्तरेच्या रुआ हुनिश या टोकापासून दक्षिणेकडच्या ब्रॉडफर्डपर्यंत 'स्काय ट्रेल' नावाची सुमारे १२८ किलोमीटरची वाट आहे, ती त्याला चालायची होती. वाट म्हणायची एवढंच. तिच्यावर खुणेचे बाण नाहीत, पाट्या नाहीत, काही ठिकाणी पायवाटसुद्धा नाही. नकाशा वाचता आला पाहिजे. मी त्याच्या गळ्यात पडले याचं खरं कारण कातळ. ट्रॉटरनिशचा तो लांबलचक कडा मी आधी फोटोत पाहिला आणि वाटलं, हा तर नाणेघाटाकडचा कुठला तरी कडा कुणी उचलून समुद्राकाठी नेऊन ठेवलाय. तेच थरांवर थर, त्याच पायऱ्या, तसाच सुटलेला सुळका. तोही लाव्हारसाचाच खडक, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा कातळ त्याहून थोडा वडीलधारा. फरक एवढाच की तिथं कड्याखालची जमीन अजून स्थिर नाही. तिथल्या क्विराइंगचा सगळा पसारा म्हणजे एक अवाढव्य दरड आहे आणि ती आजही इंचाइंचाने सरकते.

जायच्या आधी मी भाच्याला आपल्याकडच्या सवयीने विचारलं होतं, "परवानगी कुणाची काढायची? वनखात्याची?"

"कुणाचीच नाही."

"म्हणजे चोरून राहायचं?"

"नाही गं. कायदेशीर."

हे मला पचायला वेळ लागला. स्कॉटलंडमध्ये २००३ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. त्यातला वावराच्या हक्काचा भाग २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. डोंगर, माळ, तळ्याकाठ, रान, मालकी कुणाचीही असो, त्यावरून कुणालाही चालता येतं आणि हलका तंबू टाकून रात्रही काढता येते. मोजकी माणसं असावीत, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नये, घराच्या आवारात किंवा पीक उभं असलेल्या शेतात शिरू नये, जुन्या वास्तूंपासून आणि रस्त्यापासून लांब राहावं, मागे काही ठेवू नये. मोटारी या हक्कात बसत नाहीत; चालत आलेल्याचा हा हक्क आहे. बरं, हे सगळ्या ब्रिटनचं नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये मालकाच्या संमतीशिवाय असा तंबू टाकता येत नाही. अपवाद एका डार्टमूरच्या माळरानाचा, आणि त्यावरही एका जमीनमालकाने दावा लावला होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२५ मध्ये निकाल तंबूवाल्यांच्या बाजूने लागला. खुद्द स्कॉटलंडमध्येसुद्धा लॉख लोमंडच्या काठी इतका उच्छाद झाला की २०१७ पासून तिथल्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. भाचा आदल्या वर्षी कॉर्सिकाला जीआर २० ही वाट चालून आला होता. तेही डोंगराळ बेटच, पण तिथं कुठेही तंबू ठोकायला साफ मनाई. ठरलेल्या आश्रयस्थळांच्या अंगणात, पैसे मोजून, ओळीने लावायचे. "तिथं सोपं होतं," तो म्हणाला. "कुठं झोपायचं, कुठं जायचं, सगळं लिहिलेलं."

स्कॉटिश कायद्यातलं मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाक्य वेगळंच आहे. हा हक्क जबाबदारीने वापरला तरच तो हक्क. म्हणजे मी कचरा टाकला, कुणाच्या गुरांना त्रास दिला, की दंडाचा प्रश्न नंतर येतो. त्याआधी, त्या क्षणी, मी तिथं उभं राहण्याचा हक्कच गमावलेला असतो. आपल्याकडे हक्क म्हणजे बापाची इस्टेट, एकदा नाव लागलं की लागलं. इथं तो रोज सकाळी नव्याने कमवायचा. मनाई असते तेव्हा विचार पहारेकऱ्याने करायचा असतो. मोकळीक मिळाली की पहारेकरीही आपणच, आणि चोरही आपणच.

दुसऱ्या संध्याकाळी याची परीक्षा झाली. फ्लॉडिगॅरीच्या अलीकडे एक जागा दिसली. सपाट, कोरडी, दगडी गडग्याच्या आडोशाची. मी पिशवी टाकून बसलेसुद्धा. तेवढ्यात खालून एक गृहस्थ आला, सत्तरीचा, पुढे कुत्रा. हा तिथला क्रॉफ्टर. क्रॉफ्ट म्हणजे कुळाची छोटी शेती, बरोबर डोंगरावरच्या सामाईक चराईत हिस्सा. आपल्या भाषेत गायरानात वाटा. भाचा उठून सामोरा गेला आणि इथं राहिलो तर चालेल का, असं विचारलं. कायद्याने विचारायची गरज आहे की नाही, हा वादाचा मुद्दा, त्याने विचारलं. म्हातारा गडग्यापलीकडे बोट दाखवून म्हणाला की मेंढ्या नुकत्या व्याल्यात, कोकरं आठवड्याभराची आहेत. तुम्ही इथं झोपलात तर आया कोकरांना घेऊन ओलीत जातील. वर त्या खडकामागे जा. तिथं वारा लागेल, पण वाराच बरा. मग थोडं थांबून त्याने भाच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. तक्रार आमच्यासारख्यांबद्दल नव्हती. रस्त्याकडेला रात्रभर गाड्या लावून टाक्या तिथंच रिकाम्या करणाऱ्यांबद्दल होती, आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांबद्दल. जाताना म्हणाला, "विचारलंत, बरं वाटलं."

'वाराच बरा' याचा अर्थ त्याच रात्री कळला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. त्या अक्षांशावर रात्री दहापर्यंत उजेड असतो. वारा पडला आणि कुणी दार उघडून सोडल्यासारख्या मिजेस आल्या. मिज म्हणजे एक-दोन मिलिमीटरची माशी. आपली चिलटं बरी. एकेकटी दिसत नाही, हवा नुसती करडी होते. मादी चावते, आणि एकीला रक्त सापडलं की बाकीच्यांना निरोप पोचतो. डोळ्यांत, कानांत, चहात. वाऱ्याची जरा बरी झुळूक आली की त्यांना उडता येत नाही. आपण सगळी हयात आडोशाची जागा शोधण्यात घालवलेली; इथं शहाणा माणूस वाऱ्याचा उंचवटा शोधतो. डोक्यावर जाळी ओढून आम्ही दोघं लग्नातल्या नवरीसारखे बसलो होतो आणि घास जाळीखालून आत सरकवत होतो.

ट्रॉटरनिशच्या धारेवर वेगळीच पंचाईत. खाली जिकडेतिकडे पाणी, आणि वरच्या त्या लांब धारेवर प्यायला थेंब मुश्कील. खिंडीतून थोडं उतरून बाटल्या भराव्या लागल्या. त्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी केली, गोडा मसाला घालून. अर्धा लिटर पाण्यात खिचडी, तर भांडं घासायला काय? मी सवयीने भांडं उचललं आणि खालच्या झऱ्याकडे निघाले. भाचा म्हणाला, "मावशी, झऱ्यात नको. खाली कुणी तरी तेच पाणी पीत असेल."

"अरे, नुसतं भाताचं शीत."

"आणि तेल."

मी भांडं घेऊन परत आले. त्याने त्यात दोन घोट कोमट पाणी घातलं, बोटाने कडा पुसल्या, विसळलं, आणि पिऊन टाकलं. मला एकदम आजोबा दिसले. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोट फिरवून ते पिऊन टाकायचे. ताट आत जायचं ते धुतल्यासारखं. आम्हा नातवंडांना त्याची किळस यायची. आईने तर शहरात आल्यावर त्यांना ते करू दिलं नाही. आणि आता हा मुलगा, ज्याने पणजोबांना पाहिलंही नाही, स्कॉटलंडच्या डोंगरावर बसून तेच करत होता.

त्या रात्री झोप लवकर आली नाही. मी हिशेब मांडत पडले होते.

नव्वदच्या दशकात आमचा पुण्याचा ग्रुप होता. दर शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी गड. हरिश्चंद्रगडाच्या गुहांमध्ये मी किती रात्री काढल्या, मोजदाद नाही. तीन दगडांची चूल मांडायची, जवळपासच्या काटक्या, वाळकी फांदी, नाही मिळाली तर थोडी ओलीही. पिठलं, भात, मग शेकोटी, मग गाणी. सकाळी राख पायाने सारली की झालं. छताला काजळी धरलेली असायची; आम्हाला ती भारी वाटायची, किती पिढ्या इथं राहून गेल्या असं काहीतरी. त्यातली निम्मी तरी आमच्या पिढीची होती. टाक्याच्या काठावर राखेने भांडी घासली आहेत मी. मॅगीची पाकिटं चुलीत जाळली आहेत आणि जाळून टाकली म्हणजे स्वच्छता केली असं समजले आहे. तो सगळा भाग अभयारण्यात येतो, हे तेव्हाही माहीत होतं. पण गड आपला होता ना. महाराजांचा, म्हणजे आपला. आपल्या घरात कुणाला विचारायचं?

मला वाटतं, घोळ या 'आपला' शब्दात होता. जिथं आपण पाहुणे असतो तिथं अंथरुणाची घडी घालतो. घरचे असलो की तशीच टाकून उठतो.

स्कायवर शेकोटी पेटवायचा प्रश्नच आला नाही. लाकूड फारसं नाही हे एक, आणि पीट हे दुसरं. पीट वाळलं की इंधन. तिथल्या घरांत पिढ्यानपिढ्या त्याच्याच वड्या चुलीत जळत आल्या. त्यावर शेकोटी केली तर आग वरून विझते आणि आतून, जमिनीखालून, चालत राहते. तुम्ही राखेवर पाणी ओतून, फोटो काढून, पुढच्या मुक्कामाला गेलेले असता आणि डोंगर आतल्या आत धुमसत असतो. वसंतातला कोरडा वारा असला की कुठे तरी भडका. म्हणून लहानसा गॅस, तोही सपाट दगडावर. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक कपडा. मला शेकोटीची आठवण आली हे खोटं कशाला बोलू? पण नसल्याचा एक फायदा झाला. शेकोटी असली की तिच्या उजेडापलीकडचं जग पुसलं जातं. ती नव्हती, म्हणून अकरा वाजता उत्तरेच्या क्षितिजावर मावळतीचा उजेड अजून रेंगाळत होता तो दिसला, आणि समुद्रपल्याडची बेटं एकेक करून निळी होत गेली तीही.

पोर्ट्रीला एक रात्र खानावळीच्या वर, खरोखरच्या गादीवर काढली. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, गरम पाण्याखेरीज.

पोर्ट्रीहून स्लिगाखनकडे जाताना वाट ब्रेजवरून जाते. तिथं रस्त्याकडेला एक स्मारक आहे. मी वाचायला थांबले, आणि त्यानंतरची सहल थोडी बदलली. ब्रेजच्या कुळांची वर बेन ली नावाच्या डोंगरावर पिढीजात चराई होती. जमीनमालकाने ती काढून घेतली. १८८२ साली कुळांनी खंड देणं बंद केलं, नोटिसा जाळल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणवले गेले. बायका-पुरुषांनी दगड घेऊन त्यांना अडवलं. गायरानासाठी झालेली ती मारामारी सरकारला इतकी जड गेली की चौकशी समिती बसली आणि १८८६ साली कायदा झाला: क्रॉफ्टरला त्याच्या जमिनीवरून सहजासहजी उठवता येणार नाही. आठवा तो कुत्रेवाला म्हातारा. त्याचा गडगा, त्याच्या मेंढ्या, 'वर खडकामागे जा' म्हणण्याचा त्याचा तोरा, हे सगळं त्या दगडांनी मिळवलेलं.

आणि आम्हाला तंबूचा हक्क देणारा २००३ चा कायदा? त्याच्याच पुढच्या भागात गावसमाजांना जमीन विकत घेण्याचे हक्क दिले आहेत, क्रॉफ्टरांना तर मालकाची इच्छा नसतानाही. म्हणजे भटकायला आलेल्याचा हक्क आणि राहणाऱ्याचा हक्क एकाच कायद्याच्या पोटात आहेत. आम्ही भटके त्याची पहिली पानं तेवढी वाचतो.

पुढे कुलिनचे काळे सुळके उजव्या हाताला ठेवून, ग्लेन स्लिगाखनच्या चिखलातून कामासनरीला पोचलो. तिथं समुद्राकाठी बॉथी आहे. कुलूप नसलेलं, भाडं नसलेलं आसऱ्याचं घर. कुणीही यावं, राहावं, जाताना झाडून जावं. आत दोन जर्मन मुली होत्या, त्यांनी आमच्यासाठी बाक रिकामा केला. कोपऱ्यात केरसुणी होती आणि केरसुणीच्या खाली, बॉथीतल्या सूचना वाचूनही, कुणी तरी ठेवलेले तीन रिकामे गॅसचे डबे. भाच्याने न बोलता एक उचलला, मी एक. तिसरा मुलींनी घेतला असावा. सकाळी तो नव्हता.

शेवटच्या मुक्कामाआधीचा दिवस मला सांगता येईल की नाही, शंका आहे. टोरिनहून समुद्राच्या कडेने जाताना सुइशनिश लागतं आणि त्यापुढे बोरेरेग. दोन्ही गावं नकाशात आहेत. दोन्ही ठिकाणी माणूस नाही. १८५३ साली ती उठवली. मेंढ्यांच्या मोठ्या कळपांचं भाडं कुळांच्या खंडापेक्षा जास्त येत होतं, एवढं कारण पुरलं. आर्चिबाल्ड गीकी हा पुढे नावारूपाला आलेला भूगर्भशास्त्रज्ञ. तेव्हा तो तरुण होता आणि खडक पाहत या भागात हिंडत होता. सुइशनिशची माणसं गाव सोडून निघाली तो काफिला त्याने प्रत्यक्ष पाहिला आणि म्हातारपणी लिहून ठेवला: चालता न येणारे म्हातारे गाड्यांत, पोरं बाजूने, आणि दरीभर घुमणारा विलाप. जो माणूस कातळाचं वय शोधायला आला होता, त्याच्या आठवणीत कातळाबरोबर हेही राहिलं.

बोरेरेगला आम्ही संध्याकाळी उतरलो. हिरवंगार. इतकं हिरवं की आठ दिवसांत तसलं गवत पाहिलं नव्हतं. बाकी सगळा डोंगर तपकिरी आणि हे मात्र पाचूसारखं. घरांच्या भिंती छातीएवढ्या उभ्या, कोपरे गोलसर, दारांच्या जागा तशाच. छपरं नाहीत. आत मेंढ्या. आपल्याकडे 'गाव उठलं' म्हणतात. धरणाखाली उठलेल्या गावांची माणसं मी ओळखते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती देवळाचा कळस बघायला जातात. इथं पाणीही आलं नाही. गाव जागच्या जागी, नुसतं माणसांवाचून.

भाचा म्हणाला, "त्या भिंतींच्या आत वारा अजिबात नाही लागणार."

"नको."

"नकोच," तो लगेच म्हणाला. "नियमातही बसत नाही."

नियम आमच्या बाजूने होता हे बरं झालं, नाही तर मला कारण सांगावं लागलं असतं. कुणाच्या चुलीच्या जागेवर मी डोकं ठेवून झोपू? आम्ही घरांपासून चांगलं दोनशे पावलं दूर, समुद्राच्या अंगाला गेलो. मोकळी जागा, जवळ काहीही नाही. तंबू ठोकला. भाजणीची दोन थालीपिठं झाली, उरलेला डिंकाचा लाडू अर्धा-अर्धा. वारा होता, मिजेस नव्हत्या. खाली लाटांवर एक सील डोकं वर काढून आमच्याकडे बराच वेळ बघत होता.

रात्रभर पाठीखाली काहीतरी टोचत राहिलं. दगड नव्हता, उंचवटा. डाव्या कुशीवर गेले की घसरून भाच्याच्या अंगावर, उजवीकडे वळले की खळगा. तीनदा उठून जागा चाचपली. "सपाट बघून लावायचा होतास," मी म्हटलं. तो झोपेत हुंकारला.

पाच वाजता बाहेर आले. सूर्य नुकता वर आला होता, उन्हाची तिरीप जमिनीला घासत येत होती. आणि त्या तिरक्या उन्हात सगळ्या उतारावर रेघा उमटल्या. एकीशेजारी एक, समांतर, घरांपासून थेट समुद्रापर्यंत. वरंबे. सरी-वरंबे. कुदळीने माती ओढून, किनाऱ्यावरचं शेवाळ खत म्हणून घालून, बटाटे आणि ओट लावायला केलेले वाफे. पावणेदोनशे वर्षांचं गवत त्यांच्यावर चढलेलं आणि तरी एकूण एक शाबूत. काल संध्याकाळी वरून ऊन होतं तेव्हा यातलं काही दिसलं नव्हतं. आमचा तंबू दोन वरंब्यांवर आडवा होता. रात्रभर माझ्या पाठीखाली कुणाचं तरी शेत होतं.

मी भाच्याला हाक मारली. तो डोळे चोळत आला, बघितलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, मग लावायचा कुठे?"

मला उत्तर आलं नाही. आम्ही चहा करायचा सोडून सामान आवरायला घेतलं. तंबू उतरवला. त्याच्या खालचं गवत चौकोनी दबलेलं, फिकट, दव नसलेलं. आजूबाजूला सगळं भिजलेलं आणि मधे तेवढा कोरडा तुकडा. भाचा गुडघ्यांवर बसला आणि हाताची बोटं फणीसारखी फिरवून गवत उभं करायला लागला. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. वाफ्याच्या रेघेवरून, तिच्याच दिशेने. मग खुंट्या मोजल्या. दहा हव्या होत्या, नऊ निघाल्या.

दहावी अर्ध्या तासाने सापडली, सरीत, गवताच्या मुळाशी. ती पुसून पिशवीत टाकली. तोवर ऊन वर आलं होतं आणि उतारावरच्या रेघा एकेक करून दिसेनाशा होत चालल्या होत्या.